राजीनाम्याआधी पासबुक उघडा : मुलांसाठी घरी थांबणाऱ्यांनी पेन्शन कशी सांभाळायची

आमच्या ओट्याखाली मसाल्याच्या डब्यांची एक ट्रॉली आहे. ओढली की अर्ध्यात अडते, मग गुडघ्यानं ढकलावी लागते. ही ट्रॉली, तिच्या शेजारच्या दोन आणि वरची चिमणी माझ्या पीएफच्या पैशातून आली. डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फर्मच्या अकाउंट्समध्ये लागले आणि जुलै २०२३ अखेर नोकरी सोडली. मुलगी दीड वर्षाची होती आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सकाळी आठला मनीषनगरातून निघून हिंगण्याला जायचं आणि संध्याकाळी सातला परत यायचं, हे जमेना. ऑफिसातल्या एका बाबूंनी सांगितलं, "मॅडम, दोन महिने थांबा आणि सगळं काढून टाका, नाही तर अडकून पडते." मोठ्या नणंदेनं मात्र फोनवर हटकलं होतं, "काहून काढून राहिली वं तू? असू दे नं तिथंच. खायला मागते का ते?" मी हसून विषय बदलला आणि दोन महिन्यांनी सगळं काढलं.

जून २०२५ मध्ये परत नोकरी धरली, तेव्हा कळलं की ताईंचंच बरोबर होतं. नुकसान नेमकं किती झालं ते पुढे आकड्यात मांडलंय. नोकरी सोडायच्या बेतात असाल, नुकतीच सोडली असेल किंवा चार वर्षं घरी असाल, तर आपापल्या टप्प्यापासून वाचा. बहुतेक घरी आईच थांबते, म्हणून मी बाईच्या अंगानं लिहितेय. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बायको बँकेत जाते आणि बाबा घरी असतात. त्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगते. ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालचं मूल सांभाळणाऱ्या पालकानं चाइल्ड बेनिफिटसाठी अर्ज केलेला असेल, तर ती वर्षं सरकारी पेन्शनसाठी धरली जातात. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पेन्शनमध्ये जमा होतात. आपल्याकडे तसं काही नाही. तुम्ही पाच वर्षं घरी राहिलात तर पेन्शनच्या खात्यात ती पाच वर्षं कोरी असतात. ती भरायची कशी हे घरातच ठरवावं लागतं.

पायरी १ : राजीनाम्याच्या आधी मोजदाद

ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पासबुक पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर पासबुक उघडा. तीन रकाने दिसतील : तुमचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनचा वाटा. आपण पहिल्या दोनांची बेरीज करतो आणि ॲप बंद करतो. पाहायचा असतो तो तिसरा.

तुमच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम तुमच्याकडून कापली जाते आणि तितकीच मालक घालतो. मालकाच्या त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये जातात. हा हिशेब जास्तीत जास्त १५,००० रुपयांच्या पगारावर होतो, म्हणून तिसऱ्या रकान्यात महिन्याला १,२५० पेक्षा मोठा आकडा सहसा दिसत नाही. तिथे शून्य असेल तर घाबरू नका. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार १५,००० च्या वर असलेल्या माणसाला ईपीएस मिळतच नाही. त्याचा सगळा वाटा पीएफमध्ये पडतो. अशांनी खालचा ईपीएसचा हिशेब सोडून दिला तरी चालेल.

ज्यांच्या रकान्यात आकडा आहे त्यांनी महिने मोजायचे. ईपीएसमध्ये दहा वर्षांची सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून तहहयात मासिक पेन्शनचा हक्क तयार होतो. सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षं झाली की दहा मोजली जातात. माझी सेवा आठ वर्षं आठ महिने होती. आणखी दहा महिने काढले असते तर ती रेघ ओलांडली असती. हे मला राजीनाम्याच्या दिवशी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी कदाचित सोडलीच असती, पण निदान माहीत असून सोडली असती.

सेवा एकाच कंपनीतली असावी लागत नाही. आधीच्या नोकऱ्यांचे महिने त्याच यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराखाली, जोडलेले असले की तेही धरले जातात. बुटीबोरीत तीन वर्षं, मिहानमध्ये चार आणि मग पुण्यात दोन अशी तुकड्यातुकड्यांची सेवा असेल, तर सर्व्हिस हिस्ट्रीत ती सगळी दिसते का ते राजीनाम्याच्या आधीच पाहून घ्या. जुनी कंपनी बंद पडल्यावर हे काम तिपटीनं अवघड होतं.

इथे बायका एका गोष्टीत हमखास फसतात. "राजीनामा नको देऊ, बिनपगारी रजा टाक, सर्व्हिस चालू राहील," असा सल्ला मिळतो. पगार नाही तर वर्गणी नाही, आणि ज्या दिवसांची वर्गणी नाही ते दिवस पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत. नाव हजेरीपटावर राहतं, नोकरीची जागा टिकते आणि त्याचा उपयोग आहेच, पण दहा वर्षं त्यानं भरत नाहीत. पगारी प्रसूती रजेचं तसं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची ती रजा पगारी असते, पीएफ कापला जातो आणि ते महिने मोजले जातात. त्यामुळे काठावर असाल तर शिल्लक पगारी रजा आधी वापरा. घरून काम किंवा अर्धवेळ मागून बघा. मूळ पगार कमी झाला तरी वर्गणी चालू राहिली की महिना भरतो.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं सलग सेवा लागते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. माझा मूळ पगार २२,००० होता आणि आठ वर्षं आठ महिने म्हणजे नऊ वर्षं धरली, म्हणून १ लाख १४ हजार मिळाले. चार वर्षं दहा महिन्यांवर राजीनामा टाकत असाल तर तारीख पुढे ढकला. मुदतीच्या करारावर असाल तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं एक वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे, तो मागा.

सरकारी नोकरीत असाल तर गणित वेगळं आहे आणि माझं मतही वेगळं आहे : शक्य तोवर राजीनामा देऊच नका. जुन्या पेन्शनच्या नियमांत राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. राज्य सरकारची बालसंगोपन रजा १८० दिवसांची आहे. या रजा संपल्यावर बिनपगारी असाधारण रजेचा विचार करत असाल, तर ती पेन्शनसाठी धरली जाणार का हे आस्थापना शाखेला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, असाल तर तुमचा पीएफ आणि पेन्शन ईपीएफओकडे नाही. कोळसा खाणींची वेगळी संस्था आणि १९९८ ची वेगळी पेन्शन योजना आहे, तिचेच नियम बघा.

पायरी २ : नोकरीत असतानाच कागद सरळ करा

आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. नोकरी लागली तेव्हा पीएफला वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव दिलेलं असतं. लग्नानंतर आधार बदलतं, आधारावरून बँक खातं बदलतं, पॅन मात्र तसंच राहतं. यूएएन आणि आधार जुळले नाहीत की पुढचं सगळं खोळंबतं : ना ट्रान्सफर, ना नामांकन, ना दावा. माझ्या एका मैत्रिणीच्या पीएफमध्ये आडनावात एक अक्षर जास्त होतं आणि त्या एका अक्षरासाठी तिनं मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून तीन चकरा मारल्या.

जानेवारी २०२५ पासून हे बरंच सोपं झालंय. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारावरून निघालेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पती किंवा पत्नीचं नाव असे बदल सदस्याला स्वतः ऑनलाइन करता येतात. त्याआधीचा असेल तर संयुक्त घोषणापत्र लागतं आणि त्यावर कंपनीची मान्यता. तुम्ही तिथे कामाला असताना एचआरवाले ती दोन दिवसांत देतात. सोडल्यावर तुमचा फोन कोण उचलतो ते तुमचं नशीब.

राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच हे उरकून घ्या : आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे ना; रुजू होण्याची तारीख बरोबर आहे ना; मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा नाही ना. त्या शेवटच्या प्रश्नावर हसू नका, ओटीपी त्याच नंबरवर येतो. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकायची असते. त्यांनी नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते.

नामांकनही पुन्हा करा. लग्नाआधी कुटुंब नसताना पीएफला केलेलं नामांकन लग्नानंतर आपोआप रद्दबातल होतं. ई-नामांकनाला फोटो, कुटुंबीयांचे आधार आणि आधारावरच्या ओटीपीची सही लागते, दहा मिनिटांचं काम आहे. ईपीएसच्या कुटुंबाच्या यादीत मुलांची नावं घाला. मूल झाल्यावर ते घालायचं राहूनच जातं.

पायरी ३ : काढू नका

माझा पीएफ निघाला साडेतीन लाख. पाच वर्षं उलटून गेलेली असल्यानं कर लागला नाही. पाच वर्षांच्या आत काढला असता तर करही लागला असता. त्यातलं स्वयंपाकघर झालं, उरलेले गाडीच्या डाउन पेमेंटला गेले. तेव्हा मी ३३ वर्षांची होते.

तेच साडेतीन लाख तिथेच राहिले असते तर? वर्गणी बंद झाली तरी पीएफच्या शिलकीवर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज जमा होत राहतं. खातं "अडकून पडते" हा समज जुना आहे, मधल्या काही वर्षांत तीन वर्षांनी व्याज थांबायचं त्याचा. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. तोच दर धरला तर २५ वर्षांत त्या रकमेचे २५ लाखांच्या वर होतात. नोकरी नसतानाच्या काळातल्या व्याजावर प्राप्तिकर लागतो, हे खरं. पण घरी असताना बहुतेकींचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असतं.

आता ईपीएस. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली की १०-सी हा फॉर्म भरायचा असतो, आणि त्यात दोन वाटा असतात. एक, पैसे काढून घ्या. दुसरी, स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे तुमची आजवरची सेवा प्रमाणपत्रावर जपून ठेवली जाते आणि पुढच्या नोकरीत तिच्यात भर पडते. माझ्यासमोर फॉर्म आला तेव्हा दुसऱ्या वाटेचं नावही कुणी काढलं नाही, मीही विचारलं नाही. हातात आले दीड लाखाच्या आत.

त्याचा परिणाम असा. पैसे काढले की ईपीएसचं सदस्यत्व संपतं. २०२५ मध्ये परत लागले तेव्हा मूळ पगार २६,००० होता. १५,००० च्या वर असल्यामुळे मला ईपीएसमध्ये नव्यानं शिरता येत नाही. स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर मी जुनी सदस्य म्हणून चालू राहिले असते. ५८ पर्यंत नोकरी केली असं धरलं तर जुनी आणि नवी मिळून ३१ वर्षं झाली असती. २० वर्षं पुरी करून ५८ गाठणाऱ्याला दोन वर्षं बोनस मिळतात, म्हणजे ३३. पेन्शनचं सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा भागिले ७०. म्हणजे १५,००० गुणिले ३३ भागिले ७०, महिन्याला ७,००० च्या आसपास. तहहयात, आणि माझ्यामागे नवऱ्याला त्याच्या निम्मे.

खरं बोलायचं तर पूर्ण ७,००० चं नुकसान म्हणता येणार नाही. पेन्शनमध्ये गेले असते ते १,२५० आता माझ्या पीएफमध्ये पडतात, वाया जात नाहीत. पण आठ वर्षं आठ महिन्यांच्या सेवेची किंमत मी एका ट्रॉलीच्या सेटला विकली. आणि मरेपर्यंत दर महिन्याला येणारी रक्कम बाजारातून विकत घ्यायला गेलं की किती महाग पडते ते विम्याच्या एजंटाला विचारून बघा.

दहा वर्षं होऊन गेली असतील तर पैसे काढायचा प्रश्नच येत नाही, फक्त सर्टिफिकेट किंवा पेन्शन. ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढतात. नुसत्या दहा वर्षांवर १५,००० च्या हिशेबानं २,१४३ रुपये बसतात. एवढ्यात नागपुरात फक्त किराणा होईल, तोही दोघांचा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं पैसे काढायचे नियम बदलायचं ठरवलं : पूर्ण पीएफ काढायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने, पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिने. यावर खूप ओरड झाली. माझ्यासारखीला तो नियम २०२३ मध्ये असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते. स्कीम सर्टिफिकेटचा अर्ज उमंगवरून करता येतो.

पायरी ४ : घरी असतानाची वर्षं कोरी ठेवू नका

नोकरी सोडताना आपण हातात येणारा पगार गेला असं धरतो. पण त्यासोबत पीएफही जातो. माझ्या २२,००० वर माझे २,६४० आणि कंपनीचे २,६४० असे महिन्याला ५,२८० माझ्या म्हातारपणासाठी बाजूला पडत होते. घर एका पगारावर आणताना आम्ही वर्तमानपत्र, मोलकरीण, पेट्रोल सगळ्याचा हिशेब मांडला. हे ५,२८० कुठल्याच यादीत आले नाहीत, आणि ते वाचलेही नव्हते, फक्त बंद झाले होते.

म्हणून पहिल्या महिन्याच्या बजेटमध्ये ही ओळ लिहा, गॅस आणि शाळेच्या फीच्या रांगेत. पूर्ण रक्कम झेपत नसेल तर निम्मी. आणि ती घरी थांबणाऱ्याच्या नावावरच्या खात्यात गेली पाहिजे. नवऱ्याच्या एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, थोडे जास्त टाकले की झालं, असं होत नाही. आमच्याकडे हे बोलणं जेवणं झाल्यावर ओट्यापाशी झालं. मी म्हटलं, "अहो, मी घरी आहे म्हणून तुम्ही पुण्याची टूर घेऊ शकता नं? मग माझा पीएफ तुम्ही भरायचा." ते म्हणाले, "बरोबर आहे, पण तू आधी का नाही बोललीस?" आधी मलाच कुठं सुचलं होतं.

आता पैसे कुठे ठेवायचे ते.

अटल पेन्शन योजना आधी बघा, पण पात्रता नीट वाचून. वय १८ ते ४०, आणि ६० व्या वर्षापासून १,००० ते ५,००० ची हमी असलेली पेन्शन. ५,००० च्या पेन्शनला तिसाव्या वर्षी लागलात तर महिन्याला ५७७ रुपये, पस्तिसाव्या वर्षी ९०२. तुमच्यामागे तीच पेन्शन जोडीदाराला आणि दोघांमागे वारसाला साडेआठ लाख. घरी असणाऱ्या बाईला याहून सोपं काही नाही. अट ही : १ ऑक्टोबर २०२२ पासून जो प्राप्तिकरदाता आहे किंवा पूर्वी कधी होता, त्याला यात येता येत नाही. म्हणजे चांगल्या पगारावर काम करताना कर भरला असेल आणि आज उत्पन्न शून्य असेल, तरी दार बंद. बँकेतली मुलगी हे विचारत नाही, ती फॉर्म पुढे सरकवते. नंतर उघडकीला आलं की खातं बंद करून जमा रक्कम परत देतात आणि मधली वर्षं फुकट जातात. ज्यांचा पगार कराच्या मर्यादेखालीच राहिला त्यांनी मात्र हे सोडू नये. लाडकी बहीणचे १,५०० खात्यात येतात अशा कितीतरी घरांत त्यातले ५७७ इकडे वळवता येतील.

एनपीएसला नोकरीची अट नाही, कराची नाही. घरबसल्या खातं उघडता येतं आणि वर्षाला किमान १,००० भरावे लागतात. कंपनीमार्फत आधीच एनपीएस असेल तर नवीन काढू नका. प्रान, म्हणजे एनपीएसचा खाते क्रमांक, तोच राहतो, तो फक्त सर्वसाधारण नागरिकांच्या प्रकारात वळवून घ्यायचा. डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर बिगरसरकारी खातेदाराला शेवटी किमान २० टक्के रकमेचीच वार्षिकी, म्हणजे नियमित येणारी पेन्शन, घ्यावी लागते, पूर्वी ४० टक्के होती. एकूण रक्कम ८ लाखांच्या आत असेल तर सगळीच एकदम काढता येते. यातला पैसा बाजारावर हलतो, तिशीतल्या माणसाला ते झेपतं.

पीपीएफ मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात फारसं डोकं लावावं लागत नाही. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे. दरवर्षी ५ एप्रिलच्या आत ३६,००० टाकले आणि दर तोच राहिला तर १५ वर्षांनी पावणेदहा लाख होतात. पोस्टात काढा किंवा बँकेत, पण खातं तुमच्या एकटीच्या नावानं.

नवऱ्यानं दिलेल्या पैशांवर कर कुणाला, हा प्रश्न येतोच. नवऱ्यानं बायकोला दिलेली रक्कम करपात्र नाही, पण त्या रकमेतून येणारं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. याला क्लबिंग म्हणतात. बायकोच्या नावानं एफडी केली तर तिचं व्याज त्यांच्या रिटर्नमध्ये. पीपीएफचं व्याजच करमुक्त आहे, म्हणून तिथे हा त्रास नाही. जुन्या करप्रणालीत असतील तर बायकोच्या पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेची वजावटही नवऱ्याला मिळते. बायकोच्या एनपीएसची मात्र नाही.

एक चूक आसपास फार दिसते. मुलगी झाली की सुकन्या समृद्धी खातं निघतं. सप्टेंबर २०२४ पासून मुलांसाठी एनपीएस वात्सल्य आलं, तेही निघतं. चार वर्षांच्या मुलीची पेन्शन सुरू होते आणि तिच्या आईची बंद असते. आधी स्वतःचं, मग तिचं.

पायरी ५ : जोडीदाराच्या कागदांत तुमचं नाव

घरी थांबलात म्हणजे तुमची अर्धी सुरक्षा जोडीदाराच्या नोकरीवर उभी आहे. त्यांचं पीएफ, ईपीएस, एनपीएस आणि बँक यांतलं नामांकन शेजारी बसून उघडा. लग्नाआधीचं आईचं नाव अजून तिथे असेल. खासगी नोकरीत ईपीएसचा सदस्य नोकरीत असताना गेला तर एका महिन्याची वर्गणी झालेली असली तरी पत्नीला पेन्शन मिळते आणि दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी. पीएफसोबत येणाऱ्या एडली विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. तुमची नोकरी सुटली की तुमच्यावरचं एडलीचं आणि कंपनीच्या ग्रुप विम्याचं कवच जातं, म्हणून टर्म विमा नोकरीत असतानाच काढून ठेवलेला बरा. नंतर उत्पन्नाचा पुरावा मागतात.

पायरी ६ : परत कामावर रुजू होताना

पहिल्या दिवशी वीसेक कागदांवर सह्या घेतात, त्यात फॉर्म ११ असतो. पूर्वी पीएफचे सदस्य होता का, पेन्शन योजनेचे होता का, असे प्रश्न त्यात असतात. घाईत "नाही" वर खूण केली की नवीन यूएएन निघतो आणि जुनी सेवा वेगळ्या खात्यात लटकते. जुना यूएएन लिहा, स्कीम सर्टिफिकेट असेल तर त्याची प्रत जोडा आणि मूळ प्रत कधी जमा करायची ते एचआरला विचारा. जुन्या खात्यातला पीएफ नव्यात वळवायला बहुतेक वेळा ऑनलाइन अर्ज पुरतो.

मधल्या काळात शिकवणी घेतली, टिफिन केले किंवा घरून अकाउंट्स लिहिले, तर त्या कमाईवर पीएफ नसतो. त्यातला ठरावीक हिस्सा एनपीएसमध्ये टाकत राहा. हा पैसा तुमचा स्वतःचा असल्यानं क्लबिंगची भानगडही नाही.

दुसऱ्या पगारानंतर पासबुक उघडा आणि तिसरा रकाना बघा. ईपीएसची जुनी सदस्य असाल तर तिथे १,२५० आलेच पाहिजेत. कंपनीचं सॉफ्टवेअर पगार १५,००० च्या वर दिसला की तिथे शून्य टाकून मोकळं होतं. शून्य दिसलं तर त्याच आठवड्यात एचआरला ईमेल करा, वर्षभरानं दुरुस्ती मागितली की कागदांचा ढीग लागतो. तिथे नाही सुटलं तर ईपीएफओचं "निधी आपके निकट" शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरतं. शिबिराला जाता नाही आलं तर नागपुरात रघुजीनगरचं ऑफिस आहेच. सोबत यूएएन, आधार, दोन्ही नोकऱ्यांच्या पगाराच्या स्लिपा, सर्टिफिकेटची प्रत आणि लग्नाचं प्रमाणपत्र न्या, आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.